त्याच विमानात मुरलेला शिक्षक

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री पाऊण तास बोलून फोन ठेवताना तू म्हणालीस, “काका, विमान मिळाले, पण ते शिकवणारा माणूस ठरेना.” त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली, कारण खरे उत्तर रागाच्या सुरात आले असते आणि तो राग तुझ्यावरचा नव्हता. आता दोन दिवस गेले आहेत, तेव्हा नीट लिहितो.

तुझ्यापुढचे पर्याय मला समजले ते असे. विमान ओक्लाहोमात आहे, १९७७ सालचे ए-३६ बोनान्झा, बीचक्राफ्ट कंपनीचे एका इंजिनाचे छोटे विमान, आणि विकणारे गृहस्थ म्हणतात की तासभर शेजारी बसून सगळे दाखवतो, मग तू ते खुशाल शिकागोला घेऊन जा. तुझ्या विमानतळावरचा इन्स्ट्रक्टर, ज्याने तुला लायसन्सपर्यंत नेले, तो म्हणतो की चार-पाच उड्डाणे करू आणि लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, असले विमान उडवायला लागणारे दोन्ही शेरे सही करून लिहून देतो. मात्र तो बोनान्झात कधी बसलेला नाही. तिसरा माणूस वर्षानुवर्षे बोनान्झाच शिकवतो, पण त्याला तीन आठवडे सवड नाही, आणि त्याचा प्रवास, मुक्काम आणि दिवसाची फी मिळून होणारी रक्कम तुला जड वाटते आहे. चौथा मी. येताना शेजारी बसाल का, असे तू आडून आडून दोनदा विचारलेस.

तिसरा माणूस. ज्या विमानात उडायचे त्याच विमानात मुरलेला शिक्षक, आणि तो मिळेपर्यंत विमान जागचे हलवायचे नाही. ह्या पत्रात मला एवढेच सांगायचे आहे आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

कायद्याकडे बघून हे ठरवू नकोस, कारण कायदा इथे फार थोडे मागतो. आत घेता येणारी चाके, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली-वर होणाऱ्या पट्ट्या) आणि पात्यांचा कोन बदलता येणारा प्रोपेलर असलेल्या विमानासाठी एक शेरा लागतो आणि २०० हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनासाठी दुसरा; तुझे इंजिन २८५चे असल्याने तुला दोन्ही लागतील. पण ह्या शेऱ्यांना किमान तासांची अट नाही, आणि पहिला शेरा पायपर ॲरोसारख्या दुसऱ्याच विमानावर मिळवलेला असला तरी तो बोनान्झाला चालतो. त्या त्या विमानाचे वेगळे रेटिंग, म्हणजे खास परवाना, लागते ते १२,५०० पौंडांच्या वरच्या विमानांना आणि जेटला. तुझे विमान सारे भरून ३,६०० पौंडांचे. शिकवणाऱ्यालाही तीच मोकळीक आहे. दोन इंजिनांच्या विमानावर रेटिंगसाठी शिकवायचे तर त्याच मॉडेलवर त्याचे स्वतःचे निदान ५ तास झालेले असावे लागतात. तुझ्यासारख्या एका इंजिनाच्या विमानाला तशी अट नाही. तेव्हा तुझ्या इन्स्ट्रक्टरची सही पूर्णपणे कायदेशीर असेल. माझ्या लॉगबुकातली सहीसुद्धा पूर्णपणे कायदेशीर होती.

ती हकिगत तुझ्या बाबांना थोडीफार ठाऊक आहे, तुला बहुधा नाही. मी माझे बोनान्झा घेतले तेव्हा माझे तीनशेच्या आसपास तास झाले होते आणि तुझ्यासारखेच ते सगळे सेस्नाचे, म्हणजे साध्या शिकाऊ विमानांचे, होते. एका चांगल्या, सज्जन इन्स्ट्रक्टरबरोबर सहा तास उडून मी शेरे मिळवले. त्यालाही ते विमान नवे होते, आम्ही दोघांनी मिळून पुस्तक वाचले आणि त्याचा मला अभिमानसुद्धा वाटला. आता नीट लक्ष दे. सेस्ना १७२मध्ये फ्लॅपची कळ थ्रॉटल आणि मिक्स्चर ह्या इंजिनाच्या दांड्यांच्या उजवीकडे असते, आणि विमान टेकल्यावर तुझा हात न सांगता तिकडे जातो. तुझ्या बोनान्झात फ्लॅप डावीकडे आहेत आणि उजवीकडे आहेत चाके. ही मांडणी कारखान्याने १९८४मध्ये बदलली. त्याआधीची सगळी विमाने तशीच उडत आहेत, त्यांत तुझे आहे आणि माझेही.

विमान घेऊन पाच महिने झाले होते. दुपार, स्वच्छ हवा, समोरून मंद वारा, आणि माझ्या दृष्टीने उत्तम उतरलेले विमान. टेकल्याबरोबर हात उजवीकडे गेला, कळ बाहेर ओढली आणि वर केली. ती कळ ओढून वर करायला हात शिकला होता, विमानाने जमीन सोडली की दर वेळी चाके आत घ्यायला तो तेच करत होता, म्हणून त्याने ते मला न विचारता केले. वजन चाकांवर असताना चाके वर जाऊ नयेत म्हणून स्ट्रटवर, म्हणजे चाकाच्या दबणाऱ्या खांबावर, एक स्विच असतो खरा, पण टेकल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत पंखांनी अजून वजन उचलून धरलेले असते, स्ट्रट पुरता दबलेला नसतो, आणि नेमक्या त्याच वेळी तो स्विच उपयोगाचा नसतो. सीटखालून मोटरचा आवाज आला. तो मला ओळखीचा वाटला, आणि हा आवाज आत्ता येथे का, एवढा विचार पुरा होण्याआधी नाक खाली गेले, प्रोपेलरची पाती धावपट्टीवर आपटून वाकली, आणि आम्ही पोटावर घसरत जाऊन थांबलो. नंतर फक्त गायरोंचा, म्हणजे विमानाचा तोल दाखवणाऱ्या फिरत्या यंत्रांचा, मंद होत जाणारा आवाज ऐकू येत होता. बोनान्झाला पुढे एकच दार असते, ते उजवीकडे, म्हणून आधी काकू उतरली. तिने पर्स उचलली, पंखावर पाय ठेवला, आणि मागे न पाहता गवतापर्यंत चालत गेली. ह्याला बावीस वर्षे झाली. ती त्यानंतर माझ्याबरोबर लहान विमानात बसलेली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० सालीच बोनान्झा आणि तिचे दोन इंजिनांचे भावंड बॅरन ह्या विमानांतल्या नेमक्या ह्याच चुकीवर खास अहवाल काढला होता. माझ्या इन्स्ट्रक्टरने तो वाचलेला नव्हता, मीही नव्हता. त्याला मी दोष देत नाही. त्याला जे ठाऊक होते ते त्याने मनापासून शिकवले. पण त्याच विमानात मुरलेल्या माणसाने पहिल्या दिवशी माझा हात मांडीवर ठेवायला लावला असता आणि धावपट्टी सोडून विमान पुरते थांबेपर्यंत मला कशालाही शिवू दिले नसते. पुस्तकात कळ कुठे आहे ते लिहिलेले असते, तुझा हात कुठे जाणार आहे ते नसते. ते फक्त असे दहा-वीस हात पाहिलेल्याला ठाऊक असते.

तू म्हणशील, हे आता मला समजले, मी सावध राहीन, मग तीन आठवडे कशाला थांबू? असल्या गोष्टी एकच असती तर मी तुला फोनवरच सांगून मोकळा झालो असतो. पायपर चेरोकीवर तयार झालेला इन्स्ट्रक्टर उतरण्यापूर्वी विजेचा इंधनपंप लावायला शिकवतो, आणि त्या विमानात ते योग्यच आहे; तुझ्या कॉन्टिनेंटल इंजिनाचा मूळ पंप नीट चालत असताना जोडपंप पूर्ण जोरावर लावलास तर इंधन जादा होऊन इंजिन गुदमरू शकते, आणि तेही अगदी जमिनीजवळ. बोनान्झाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या भागात असल्याने इंधन जळते तसा विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आल्यावर तू त्यांना मागच्या सीटांवर बसवशील आणि त्यांच्या मागे त्यांच्या बॅगा रचशील, तेव्हा उड्डाणाच्या वेळचा हिशेब बरोबर येऊनही उतरतानाचा चुकलेला असू शकतो. उड्डाण करताना ते पुढचे दार कधीकधी फटीएवढे उघडते आणि असा आवाज होतो की आकाश फाटले असे वाटावे. विमान मात्र उडत राहते, आणि माणसे मरतात ती त्या दाराकडे बघत बसल्यामुळे. ह्यातली एकेक गोष्ट त्या विमानातल्या माणसाला रोजची आहे आणि बाहेरच्याला बातमी आहे.

३ फेब्रुवारी १९५९च्या रात्री आयोवात क्लिअर लेकजवळ पडलेले, गायक बडी हॉली आणि त्याच्या साथीदारांचे विमान तुला माहीत असेल. तेही बोनान्झाच होते, १९४७ सालचे. एकवीस वर्षांच्या वैमानिकाला केवळ यंत्रांवर उडण्याचा परवाना नव्हता आणि हवा वाईट होती, हे सगळे सांगतात. चौकशी अहवालातली दुसरी गोष्ट फारसे कोणी सांगत नाही: त्या विमानात बसवलेल्या स्पेरी एफ-३ गायरोवर नाक वर की खाली हे दाखवण्याची रीत, तो ज्या यंत्रावर शिकला होता त्याच्या उलट होती. काळोखात, बर्फ पडत असताना, त्याला ओळखीचे वाटणारे एक यंत्र उलटे बोलत होते. मला त्या मुलाची आठवण येते तेव्हा माझी धावपट्टी आणि ती दुपार आठवते, आणि आमच्या दोघांत फरक फक्त हवेचा होता असे वाटते.

आता माझ्याविषयी. मी तुझ्या शेजारी बसणार नाही, आणि हे तू मनाला लावून घेऊ नकोस. मी इन्स्ट्रक्टर नाही. बोनान्झात माझे बाराशेच्या वर तास आहेत, पण उडवणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. तुझ्या विमानात कंट्रोल व्हील एकच आहे, जे खटका दाबून एका बाजूकडून दुसरीकडे फिरवायचे असते. तुझ्याकडे असेल तेव्हा माझ्यापुढे काहीही नसते. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने असेच विमान घेतले आणि मी भिडेखातर त्याच्या उजवीकडे बसलो. तो जास्त वेगात आला, विमान टेकून पुन्हा उचलले गेले, मी ओरडलो, आणि आम्ही धावपट्टीच्या कडेचा एक दिवा तोडून गवतात थांबलो. विमानाला फारसे झाले नाही. मैत्री मात्र पूर्वीसारखी राहिली नाही, कारण त्याच्या मते मी वेळेवर काही केले नाही, आणि माझ्या मते माझ्या हातात काही नव्हतेच. आजही मला वाटते की माझे बरोबर होते; पण मी तिथे बसायलाच नको होते, हे त्याहून बरोबर आहे. आमच्या मित्रमंडळींतले काहीजण म्हणतात की त्या दोन प्रसंगांनी मी भित्रा झालो. भित्रा झालो असतो तर मी विमान विकले असते. मी एकच गोष्ट सोडली आहे, ती म्हणजे नुसत्या जिव्हाळ्यावर एखाद्याच्या शेजारी बसणे.

तेव्हा शिक्षकाला फोन कर आणि त्याच्या एकूण तासांची चौकशी करण्यात वेळ घालवू नकोस. १९८४च्या आधीच्या बोनान्झात किती शिकवले आहे ते विचार, आणि मग एवढेच विचार की ह्या विमानात नवीन माणसाचा हात कुठे चुकतो. पहिल्याच वाक्यात चाके आणि फ्लॅप आले नाहीत तर नमस्कार करून फोन ठेव. तो सोयीचा वाटला नाही तर कॅन्ससमधल्या विचिटा येथे अमेरिकन बोनान्झा सोसायटी आहे, १९६७पासूनची. तिच्या प्रशिक्षण कार्यक्रमात खास ह्याच घराण्यातली विमाने शिकवणारे इन्स्ट्रक्टर आहेत आणि त्यांच्याकडून जवळचा माणूस कळतो. त्याला ओक्लाहोमाला बोलाव. दोन दिवस तिथेच उडा, आणि मग त्याच्याबरोबरच ते विमान घरी आण. तो प्रवासही शिकण्यातच धरला जाईल, आणि विमा कंपनीने मागितलेले १० तास बरेचसे तिथेच भरतील. ते १० तास म्हणजे विमा कंपनीच्या हिशेबाचे १० तास आहेत, तुझ्या हाताला किती लागतील ते तो शिक्षक सांगेल आणि त्याने पंधरा म्हटले तर पंधरा.

एक गोष्ट त्याच्याकडून हवेत करून घेच. पुढच्या सीटांच्या मागे झाकणाखाली हाताने चाके खाली करण्याचा दांडा आहे. आधी चाकांच्या मोटरची वीज तोडणारा ब्रेकर ओढायचा, कळ खाली ठेवायची, वेग कमी करायचा, आणि मग मागे वळून तो दांडा घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ५० वेळा फिरवायचा. पहिले वीस वेढे सोपे जातात. तिसाव्याला खांदा भरून येतो, आणि तेव्हा कळते की मागे वळलेल्या माणसाला पुढे उंची सांभाळणे किती कठीण असते. मी ते पहिल्यांदा केले तेव्हा तीनशे फूट खाली आलो होतो आणि मला पत्ताही नव्हता. शिक्षक शेजारी होता म्हणून ते तीनशे फूट नुसते शिकण्यात गेले.

पैशांचे तू बोललीस, त्यावर मी चिडलो, त्याबद्दल माफ कर. तुझा पगार, घराचे हप्ते, विमानाची पहिली वार्षिक तपासणी, हे सगळे मला दिसते. पण शिकवण्याची फी तू विमानाच्या किमतीत धरली नव्हतीस, ही चूक तुझी आहे आणि ती आता सुधारता येईल. रंग पुढच्या वर्षी दे. नवा जीपीएस पुढच्या वर्षी बसव. विक्रेत्याला आजच लिही की विमान तीन आठवडे तिथेच राहील आणि तेवढ्या दिवसांचे हँगरचे भाडे तू देशील. तो कुरकुरला तर कुरकुरू दे.

दुहेरी कंट्रोलचा दांडा, म्हणजे दोन्ही बाजूंना व्हील असलेला, तुझ्या विमानासाठी उसना किंवा भाड्याने मिळतो, आणि तो बसवल्याशिवाय पहिले उड्डाण करायचे नाही. माझ्या हँगरमध्ये एक कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. तो तुझ्या विमानाला बसेल की नाही हे तिथल्या मेकॅनिकला पार्ट नंबर विचारून मला कळव, म्हणजे सोमवारी पार्सल करतो.

तुझा,
काका