सहा वर्षांच्या मुलीच्या टी-शर्टवर चावट इंग्रजी ओळ असणे योग्य आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, सहा वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला मिळालेल्या टी-शर्टवर द्व्यर्थी इंग्रजी ओळ आहे, आपण ती दाखवून दिल्यावर घरची मंडळी "तिला कुठे वाचता येते, गंमत आहे ती" असे म्हणाली, आणि आता आपणच उगाच ताणतो आहोत की काय अशी शंका आपल्याला येऊ लागली आहे. आपण ताणत नाही आहात. अशी ओळ लहान मुलाच्या अंगावर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत एका प्रसंगातून बनले आहे, म्हणून तो आधी सांगते.

कराडमध्ये आमचे लहान मुलांच्या तयार कपड्यांचे दुकान आहे आणि सव्वीस वर्षांपासून मी तिथे बसते. आमचा बहुतेक माल कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून येतो; होजिअरीतला काही तिरुपूरचा असतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही मुलींच्या टी-शर्टचे दोन सेट आणले होते. गुलाबी कापड, त्यावर मांजरीचे चित्र आणि खाली चंदेरी अक्षरे. भाऊबीज झाल्यावर एक शिक्षिका त्यातला एक टी-शर्ट परत घेऊन आल्या. माप चुकले असेल असे समजून मी मोठा नंबर काढू लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि त्या ओळीचा अर्थ हळू आवाजात मराठीत सांगितला. ती ओळ मी इथे देत नाही. प्रौढ स्त्रीने प्रौढ पुरुषाला लाडिकपणे द्यावे तसे आमंत्रण तिच्यात होते आणि तो टी-शर्ट पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा होता. मी शाळेत इंग्रजी शिकले आहे, ती अक्षरे मला वाचता येत होती, तरीही ती ओळ मी वाचलेलीच नव्हती. माझ्या लेखी ती नक्षी होती.

आपल्या घरच्यांनाही ती नक्षीच वाटली असणार, आणि या प्रकाराचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. छपाई करणाऱ्याला अक्षरांची ठेवण आकर्षक वाटते, घाऊक व्यापाऱ्याला रंग उठावदार वाटतो, दुकानदाराला माल खपेल असे वाटते, आणि आत्याला किंवा मामीला तो टी-शर्ट गोड दिसतो. या साखळीत अनेक हात आहेत, पण त्यातले कोणीही ती ओळ भाषा म्हणून वाचत नाही. वाचतो तो रस्त्यावरचा, बसमधला, लग्नाच्या मांडवातला परका माणूस.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. चीनमधील हांगझोऊ येथील जेएनबीवाय या कंपनीच्या बालवस्त्रांवरून सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे मोठा संताप उसळला होता. एका मुलाच्या कपड्यावर 'नरकात स्वागत आहे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते, दुसऱ्यावर 'मला तुला स्पर्श करू दे' अशा अर्थाची ओळ होती, आणि एका कपड्यावर तर सगळीकडे भारतीय भरले आहेत, मी बंदूक घेऊन त्यांच्या चिंधड्या उडवीन, अशा आशयाचे वाक्य छापलेले होते. कंपनीने माफी मागून तो माल मागे घेतला. ज्या देशात बहुसंख्य आईवडील घरात इंग्रजी बोलत नाहीत, तिथे इंग्रजी अक्षरे शोभेसाठी छापली जातात आणि शोभेच्या वस्तूचा अर्थ कोणी तपासत नाही. कराडच्या किंवा लातूरच्या बाजारपेठेत याहून वेगळे काही होत नाही.

आमच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. लहान मुलांचे कपडे घाऊक बाजारात सुटे मिळत नाहीत, सेटमध्ये मिळतात. एकच नमुना १८ किंवा २० नंबरपासून पार ३२-३४ नंबरपर्यंत छापलेला असतो. त्यामुळे नमुना काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे सोळा वर्षांची मुलगी असली, तरी तीच ओळ अडीच वर्षांच्या मुलीच्या अंगावरही येते. ऑनलाइन विक्रीत तर माणसाची नजरच पडत नाही. मागणीनुसार छापून देणाऱ्या विक्रेत्यांकडे चित्राची एक फाइल असते आणि संगणक तीच फाइल मगवर, उशीच्या अभ्ऱ्यावर, प्रौढांच्या टी-शर्टवर आणि बाळाच्या झबल्यावरही बसवून विक्रीला लावतो. मार्च २०१३ मध्ये ॲमेझॉनवर एका अमेरिकी विक्रेत्याचे असे टी-शर्ट आढळले होते, ज्यांवर 'शांत राहा' या प्रसिद्ध ब्रिटिश घोषवाक्यापुढे बलात्काराला चिथावणी देणारे शब्द जोडलेले होते. क्रियापदांची यादी संगणकाला देऊन त्याच्याकडून आपोआप वाक्ये तयार करवून घेतली होती आणि ती कोणी वाचून पाहिली नव्हती, असे त्या विक्रेत्याचे स्पष्टीकरण होते. ते कपडे प्रौढांचे होते, पण मुलांच्या कपड्यांवर नको ती ओळ कशी येऊन पोहोचते, हे समजायला ते उदाहरण पुरेसे आहे.

आता आपल्या घरच्यांच्या मुद्द्याकडे येते. मुलीला वाचता येत नाही हे खरे आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यामुळेच वाढतो. जे वाक्य तिने निवडलेले नाही, जे तिला कळत नाही आणि जे ती नाकारू शकत नाही, ते तिच्या छातीवर तिचेच बोलणे म्हणून छापलेले आहे. अशा ओळी बहुधा 'मी' या शब्दाने सुरू होतात, हे आपण कधी पाहिले आहे का? बोलणारे वेगळे, ऐकणारे वेगळे आणि हसणारेही वेगळे. मूल मात्र त्या विनोदाचे निमित्त. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००७ मध्ये मुलींच्या लैंगिकीकरणावर जो अहवाल दिला, त्यात लैंगिकीकरण कशाला म्हणावे याच्या चार कसोट्या आहेत. त्यांतली एक अशी की, लैंगिकता त्या व्यक्तीवर अनुचितपणे लादली जाते, आणि ही कसोटी मुलांच्या बाबतीत विशेष लागू पडते असे त्यांनी नोंदवले आहे. 'लादणे' हा शब्द मला फार नेमका वाटतो. बारशाला आपण बाळाला झबले-टोपडे घालतो, दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतो, आणि त्याच बाळाच्या अंगावर लोकांची नजर ओढून घेणारी ओळ घालतो. या दोन्ही गोष्टी एकाच घरात होताना मी पाहिल्या आहेत आणि दोन्ही प्रेमापोटीच होत होत्या, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण विसंगती ती विसंगतीच.

शिवाय वाचता न येण्याचा काळ फार थोडा असतो. इंग्रजी माध्यमातली मुले सहाव्या-सातव्या वर्षी दिसेल ती पाटी वाचू लागतात. आपली भाची काही महिन्यांत ती ओळ मोठ्याने वाचेल आणि "म्हणजे काय गं?" असे आईला विचारेल. त्या वेळी आई काय सांगणार आहे, हे आपण तिला आजच विचारून पाहावे.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका, आणि या मुद्द्यावर मी मुद्दाम थोडी थांबते. असे कपडे घातल्याने मुलांवर अत्याचार होतात, असे मी म्हणत नाही आणि कोणी म्हटले तर त्याला मी ठाम विरोध करीन. अत्याचाराची जबाबदारी सर्वस्वी अत्याचार करणाऱ्याची असते, मुलाच्या कपड्यांची कधीही नसते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीतला माणूस असतो आणि मुलाने त्या दिवशी काय घातले होते याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. माझा आक्षेप मुलाच्या सन्मानासाठी आहे. आपण मोठ्या माणसाच्या पाठीवर त्याच्या नकळत चिठ्ठी चिकटवत नाही, मग मुलाच्या बाबतीत ती मुभा आपण का घ्यावी?

मुलग्यांच्या कपड्यांचा विषय सहसा निघत नाही, पण तो निघायला हवा. दीड वर्षाच्या मुलाच्या टी-शर्टवर 'आपापल्या मुली सांभाळा' किंवा 'बायकांचा लाडका' अशा अर्थाच्या ओळी मी पाहिल्या आहेत आणि त्यांवर कोणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. उलट आजोबा कौतुकाने हसतात. मुलीच्या कपड्यावरची ओळ तिला मिळवण्याची वस्तू ठरवते, तर मुलाच्या कपड्यावरची त्याला मिळवणारा ठरवते, आणि दोघांनाही अजून बुटाचे बंद बांधता येत नसतात. चावट नसलेल्या काही ओळीही मला तितक्याच खटकतात. २०११ मध्ये अमेरिकेतील जेसीपेनी या दुकानसाखळीने सात ते सोळा वर्षांच्या मुलींसाठी एक टी-शर्ट विकायला ठेवला होता. मी इतकी सुंदर आहे की अभ्यास माझ्याऐवजी माझ्या भावाला करावा लागतो, असे त्यावर लिहिले होते. टीका झाल्यावर तो विक्रीतून काढला गेला.

हा विषय एकट्या आईवडिलांवर सोडून चालत नाही, हे ब्रिटनमध्ये मान्य झाले. २०१० मध्ये तिथे सात वर्षांच्या मुलींसाठी पॅड लावलेल्या बिकिनी विकल्याबद्दल प्रायमार्क या कपड्यांच्या दुकानसाखळीवर टीका झाली आणि कंपनीने तो माल मागे घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने मदर्स युनियन या ख्रिस्ती संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रेग बेली यांच्याकडे बालपणाच्या लैंगिकीकरणाचा आणि व्यापारीकरणाचा आढावा सोपवला. त्यांचा अहवाल जून २०११ मध्ये आला आणि त्याच सुमारास ब्रिटिश रिटेल कन्सॉर्टियम या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने मुलांच्या कपड्यांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. कपड्यांवरचा मजकूर वयाला साजेसा असावा, आणि लैंगिक सूचकता किंवा अवहेलना असलेली, अथवा तसा अर्थ निघू शकेल अशी वाक्ये टाळावीत, असा त्यांतील आशय आहे. या सूचना ऐच्छिक आहेत. तरीही 'तसा अर्थ निघू शकेल' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'आमच्या मनात तसे नव्हते' ही पळवाट त्यामुळे उरत नाही.

आपल्याकडे मुलांच्या कपड्यांवरील मजकुरासाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि सध्या तरी तो नसल्याचे मला वाईट वाटत नाही, कारण गल्लोगल्लीच्या छपाईवर कायद्याने देखरेख ठेवणे कठीण आहे आणि त्रास शेवटी लहान दुकानदाराला होईल. तक्रारीचा मार्ग मात्र आहे. टी-शर्ट ऑनलाइन घेतलेला असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिनाभरात ती निकाली काढणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुकानातून घेतलेला असेल, तर थेट दुकानदाराला जाऊन सांगा. त्या शिक्षिका आल्या नसत्या, तर मी उरलेले सगळे टी-शर्ट विकून मोकळी झाले असते.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. माल आला की माझी सून प्रत्येक कपड्यावरची ओळ मराठीत मोठ्याने सांगते आणि माझ्या सासूबाई शेजारी बसून ऐकतात. त्यांना ऐकवताना सुनेची जीभ अडखळली, तर तो सेट परत जातो. इंग्रजीत जे निसटून जाते ते मराठीत निसटत नाही. आपणही घरी वाद घालण्याऐवजी इतकेच करावे असे मी सुचवीन. भाची समोर नसताना ती ओळ तिच्या आईला आणि आजीला शुद्ध मराठीत सांगा, आणि ज्यांनी भेट दिली त्यांच्याविषयी वाईट बोलू नका, कारण त्यांनी ती ओळ बहुधा वाचलेलीही नसेल.

टी-शर्ट भाचीचा आवडता असेल तर तो काढून घेऊ नका. तिने काही चूक केलेली नाही. ती ओळ तेवढी झाकून टाका. रबरी छपाई धुऊन जात नाही आणि खरवडली तर कापड फाटते, हे मी करून पाहिले आहे. आमच्याकडे उरलेल्या टी-शर्टवर मी खणाचे आयताकृती तुकडे, कडा आत दुमडून, बारीक टाक्यांनी शिवले. खण आधी एकदा पाण्यातून काढून घ्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि टी-शर्टला चुण्या पडतात.