बेटं मोजू नका, भरती विचारा

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटी आम्ही थायलंडला, फुकेतला जातोय. फांग नाच्या उपसागरातली बेटं आणि समुद्रगुहा दाखवणारी दिवसभराची बोटसहल करायची आहे. सासूबाई ६६ वर्षांच्या, गुडघे दुखतात, शिवाय शाकाहारी. मुलगा दहा वर्षांचा. पोहता कुणालाच येत नाही. कुणी चार बेटं दाखवतो म्हणतो, कुणी सात. कुठली सहल घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सहल विकणाऱ्याला एवढंच विचारा, "त्या दिवशी भरती किती वाजता आहे आणि गुहेत तुम्ही कधी नेणार?" ज्याला याचं नीट उत्तर देता येईल, त्याच्याकडे पैसे भरा. मग तो दोनच बेटं दाखवणार असला तरी चालेल.

ही बेटं म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर. पावसाच्या पाण्याने चुनखडी हजारो वर्षं आतून विरघळत गेली, काही ठिकाणी पोकळीचं छत कोसळलं, आणि डोंगराच्या पोटात वरून उघडं असलेलं तळं तयार झालं. थाई लोक त्याला 'हाँग' म्हणजे खोली म्हणतात. तिथे पोचायची वाट पाण्यालगतच्या बुटक्या बोगद्यातून. पाणी चढलं की बोगदा बुडतो, फार उतरलं की होडी चिखलात रुतते. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत, तिथलं पाणी दोन-अडीच मीटर वरखाली होतं, त्यामुळे आत जाऊन परतायला मधला थोडा वेळच मिळतो. चांगले लोक पाण्याच्या वेळा बघून रोजचा क्रम बदलतात. काही सहली तर दुपारी निघून अंधार पडल्यावर परततात.

मी मालवणजवळच्या देवबागची. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते : अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हे घड्याळ तिकडे लावू नका, पण चंद्र तोच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तिकडेही उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. भांगाला पाणी सावकाश हलतं, तेव्हा तुमच्या तारखांत अष्टमी बसत असेल तर तिच्या जवळचा दिवस आधी बघा.

त्याच उपसागरातल्या पनाक बेटावरचा बोगदा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. मोठ्या बोटीतून हवा भरलेल्या रबरी होडीत उतरायचं. पुढे आपण दोघं, मागे वल्हं मारणारा. आत मिट्ट काळोख, वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास, आणि वल्हेकऱ्याच्या टॉर्चच्या उजेडात छताला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले. त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. तो "आडवे व्हा" म्हणाला की पाठ टेकून पडायचं आणि हात होडीच्या आत घ्यायचे. नाकापासून वीतभर अंतरावरून दगड सरकतो. मग एकदम आभाळ! चारी बाजूंनी उभे कडे, मध्ये कांदळवन, आणि चिखलात उड्या मारणारे निवटे मासे. आपल्या खाडीतले निवटे इतक्या लांब भेटल्यावर मला खरंच भरून आलं. मुलाला आधीच सांगून ठेवा की तिथे ओरडून प्रतिध्वनी काढायचा नाही आणि माकडांना काही खायला द्यायचं नाही. एका आरोळीने सगळी खोली दणाणते, आणि मागच्या होडीतल्यांनाही ती शांत बघायची असते.

सासूबाईंना होडीत बसणं जमेल, कारण पाय पसरूनच बसायचं असतं. कठीण आहे ते उतरणं-चढणं. बोटीच्या मागे पाण्यालगत फळी आहे का आणि हात धरायला माणूस असतो का, ते आधी विचारा. बंद जागेत त्यांचा जीव घाबरत असेल तर त्या खुशाल मोठ्या बोटीवर थांबू देत; बेटं तिथूनही सुरेख दिसतात. तुमची माणसं बघता स्पीडबोट नकोच, ती पाठीला दणके देते. संथ, छपराची मोठी बोट घ्या.

पोहता न येण्याची फार काळजी नको, पण मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालून बघा. सैल असेल तर बदलून मागा, भीड धरू नका. २०१८च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, फुकेतजवळ पर्यटकांची बोट वादळात उलटून ४७ जण गेले. डिसेंबरात समुद्र बराच शांत असतो आणि हा उपसागर फुकेत बेटाच्या आडोशाला आहे, तरी हवामानामुळे सहल रद्द झाली तर वाद घालू नका.

'जेम्स बाँड बेट' बहुतेक सहलींत असतंच. १९७४च्या चित्रपटामुळे नाव पडलेला तो वीसेक मीटरचा सुळका समोरच्या किनाऱ्यावरून बघायचा. त्याच्या जवळ बोटी न्यायला १९९८पासून बंदी आहे. फोटो काढा आणि निघा, दुकानांत वेळ घालवू नका. त्यापेक्षा पाण्यात खांबांवर उभं असलेलं पन्यी गाव बघा. मुस्लिम कोळ्यांची वस्ती आहे, तेव्हा पोहण्याच्या कपड्यांत फिरू नका. तिथल्या पोरांनी १९८६मध्ये लाकडाच्या फळ्या जोडून पाण्यावर फुटबॉलचं मैदान केलं, ते मुलाला नक्की आवडेल.

जेवणाचं म्हणाल तर नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस पडतो. बुकिंग करतानाच 'जे' हा थाई शब्द सांगा. त्यात मांस-मासे, अंडी आणि कांदा-लसूणही नसतो. तरी सासूबाईंसाठी पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या.