शेकडो सीगलच्या थव्यात एखादा दुर्मिळ सीगल असेल तर तो कसा ओळखायचा?

दुर्मिळ पक्षी शोधायच्या आधी नेहमीचेच कुरव (सीगल) कंटाळा येईपर्यंत बघा. ते डोळ्यांत बसले की वेगळा आपोआप खटकतो.

थवा वाळूवर बसलेला असताना एका टोकापासून सावकाश नजर फिरवा. पाठीचा करडा रंग शेजाऱ्यांपेक्षा गडद किंवा फिका आहे का? पायांचा रंग, चोचीची जाडी, अंगाची चण? करड्या छटेवर मात्र एकट्या पक्ष्यावरून भरवसा ठेवू नका. ऊन बदललं, पक्षी जरा वळला की छटा बदलते. तुलना शेजारच्याशीच. सगळ्यात बोलका भाग म्हणजे पंखांची टोकं: काळा रंग किती, त्यात पांढरे ठिपके कुठे. ग्लॉकस गल या मोठ्या कुरवाच्या पंखांच्या टोकांना तर काळा रंगच नसतो. म्हणून पंख उघडतानाचा फोटो हवाच.

खरी फसगत वयामुळे होते. मोठ्या जातींना प्रौढ पिसारा यायला साधारण 4 वर्षं लागतात, लहान जातींना 2. तोवर पिल्लांचा तपकिरी अवतार भल्याभल्यांना चकवतो. त्यात भर पीसझडीची (जुनी पिसं गळून नवी येणं), रंगद्रव्याच्या कमतरतेची आणि दोन जातींच्या संकराची. दहातले नऊ ‘दुर्मिळ’ माझ्याकडे तरी असेच निघाले!