वाचक विचारतात: बायबलकालीन पुरातत्त्व शिकायचं कुठून?

प्रश्न: बायबलमधल्या गावांच्या उत्खननांबद्दल नीट वाचायचं आहे. शोधायला गेलं की एकीकडे ‘नोहाचं तारू सापडलं’ असे व्हिडिओ, तर दुसरीकडे डोक्यावरून जाणारे शोधनिबंध. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: एकच जागा निवडा आणि तिच्याबद्दल मिळेल ते सगळं वाचा. अब्राहामापासून पौलापर्यंत सगळं एकदम हाती घेतलं, की सनावळ्या लक्षात राहत नाहीत आणि कोणता निष्कर्ष कशावर उभा आहे हेही कळत नाही. आम्ही लाखीश सुचवतो. यरुशलेमच्या नैर्ऋत्येचं हे यहूदा राज्यातलं मोठं तटबंदीचं शहर अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ७०१ मध्ये जिंकलं. या एका घटनेबद्दल चार वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे आहेत.

आधी मराठी बायबलात २ राजे, अध्याय १८ आणि १९ वाचा. मग खुद्द सन्हेरीब काय म्हणतो ते पाहा. त्याच्या मातीच्या प्रिझमवरच्या (अनेक पैलूंच्या भाजलेल्या खांबावरच्या) लेखात यहूदाची ४६ तटबंदीची गावं घेतल्याची आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं यरुशलेमात कोंडल्याची बढाई आहे. यरुशलेम घेतलं असं मात्र तो कुठेही म्हणत नाही, आणि लाखीशचं नावही त्यात येत नाही. ते येतं अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातल्या शिल्पपटावर, जो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तटावर चाल करणारी यंत्रं, वरून फेकलेल्या पेटत्या मशाली, सामान घेऊन बाहेर पडणारी कुटुंबं, सिंहासनावर बसलेला राजा आणि त्याच्यासमोर लाखीशचं नाव असलेला कोरीव मजकूर. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची छायाचित्रं आहेत. प्रिझमच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर ‘ओरॅक’ या क्यूनिफॉर्म लेखांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतं.

चौथा पुरावा जमिनीतला, आणि शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे. पुरातत्त्वज्ञ जेम्स स्टार्की यांनी १९३२ ते १९३८ या काळात इथे खोदकाम केलं. त्यांना जळालेले दोन थर मिळाले. वरचा, म्हणजे दुसरा थर बाबेलच्या स्वारीत इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जळाला आणि खालचा, तिसरा त्याआधी जेमतेम दहा वर्षं, इ.स.पू. ५९७ ला, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या सहकारी ऑल्गा टफनेल यांनी अहवाल लिहिताना दोन्ही थरांतली खापरं शेजारी ठेवून तपासली. मडक्यांच्या घडणीतला फरक दहा वर्षांत पडण्याजोगा नव्हता, म्हणून तिसरा थर इ.स.पू. ७०१ चाच, असं त्यांनी मांडलं. वाद बरीच वर्षं चालला. १९७३ पासून डेव्हिड उसिश्किन यांनी केलेल्या उत्खननाने टफनेल यांची बाजू पक्की केली. मुठींवर ‘राजाचे’ असा शिक्का असलेले रांजण याच तिसऱ्या थरात मिळाल्यामुळे तसेच रांजण सापडलेल्या यहूदातल्या इतर अनेक गावांच्या तारखाही त्याबरोबर बदलल्या.

कार्बन-१४ ने (सजीवांच्या अवशेषांतल्या कार्बनवरून काळ मोजण्याच्या पद्धतीने) हा वाद का मिटला नाही, असं वाटेल. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कार्बनच्या कालमापनाचा आलेख जवळजवळ सपाट आहे, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांचे नमुने सारखंच मोजमाप देतात. त्यामुळे एखाद्या सुट्या नमुन्यावरून ७०१ आणि ५८६ यांतला फरक सहसा कळत नाही. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला तर खापरांचं प्रकरण आधी उघडा.

प्रश्न: पैसे न मोजता भरवशाचं साहित्य कुठे मिळेल?

उत्तर: बायबलच्या मजकुराची पार्श्वभूमी हवी असेल तर येल विद्यापीठाची क्रिस्टीन हेज यांची जुन्या करारावरची व्याख्यानमाला विनामूल्य आहे. इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याचं ‘हदाशोत आर्किओलॉगियोत’ हे नियतकालिक उत्खननांचे छोटे अहवाल इंग्रजीतही देतं. मृत समुद्राच्या गुंडाळ्या (त्याच्या काठच्या गुहांत सापडलेली प्राचीन हस्तलिखितं) लिऑन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात अगदी जवळून पाहता येतात. ‘बिब्लिकल आर्किऑलॉजी रिव्ह्यू’ हे नियतकालिक १९७५ पासून सामान्य वाचकांसाठी निघतं. ते रंजक आहे, पण त्यातला वादाचा लेख वाचलात तर त्याला आलेलं उत्तरही शोधा.

जुने अहवाल शोधताना अनेकजण अडतात ते नावांपाशी. ते अरबी नावांनी छापलेले असतात (‘तेल’ म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड): लाखीशसाठी तेल एद-दुवेर, यरीहोसाठी तेल एस-सुलतान, मगिद्दोसाठी तेल एल-मुतेसेल्लिम. दोन्ही नावं टाकून शोधा.

प्रश्न: ‘बायबलमधल्या राजाचं नाव कोरलेली वस्तू सापडली’ अशी बातमी आली तर विश्वास कधी ठेवावा?

उत्तर: ती कुणी, कुठे, कोणत्या थरात उचलली, हे आधी पाहा. तेल दान इथला ‘दावीदाच्या घराण्याचा’ उल्लेख असलेला शिलालेख १९९३ आणि १९९४ मध्ये उत्खनन चालू असतानाच तुकड्यांनी मिळाला. म्हणून त्याच्या अर्थावर वाद झाले तरी त्याच्या खरेपणावर फारसे टिकले नाहीत. उलट शलमोनाच्या मंदिरातलं म्हणून गाजलेलं हस्तिदंती डाळिंब बाजारातून घेतलेलं होतं. त्यावरचा लेख बनावट असल्याचं इस्राएल म्युझियमने २००४ मध्ये जाहीर केलं. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणवले जाणारे १६ तुकडे २०२० मध्ये सगळेच्या सगळे खोटे ठरले. तेही विकतच घेतलेले होते.

प्रश्न: अनुभव नसताना उत्खननात भाग घेता येतो का?

उत्तर: येतो. बरीच उत्खननं उन्हाळ्यात स्वयंसेवक घेतात. राहण्या-जेवण्याचा आणि प्रवासाचा खर्च सहसा आपलाच असतो. बिब्लिकल आर्किऑलॉजी सोसायटी दरवर्षी त्यांची यादी देते. काम पहाटे सुरू होऊन दुपारी ऊन चढल्यावर थांबतं, मग खापरं धुवायची असतात. पुष्कळ ठिकाणी ५ मीटर चौरसाचे खण आखून, मध्ये १ मीटरची न खणलेली भिंत ठेवतात, कारण थरांच्या रेषा त्या भिंतीत वाचायच्या असतात. प्रत्येक बादलीला तारीख, खण आणि थराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते, तिची अदलाबदल होऊ देऊ नका. दुसरी चूक नजरेची. नंतरच्या काळात कुणी खणलेला खड्डा मातीच्या बदललेल्या रंगावरून ओळखला नाही, तर त्यातली नवी खापरं जुन्या थरात मिसळतात. थराचा काळ त्यातल्या सर्वांत नव्या खापरावरून ठरतो, त्यामुळे तसा एक तुकडा पूर्ण थर शेकडो वर्षं पुढे ढकलू शकतो. मातीचा रंग किंवा पोत बदलला की थापी थांबवा आणि खणाच्या प्रमुखाला बोलवा. नाव नोंदवण्याआधी तिथली सुरक्षेची स्थिती, विमा आणि मोहीम रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याची अट लेखी विचारून घ्या.