वाचकांचे प्रश्न : एकाच दगडातील एकशे एकवीस माणसे

प्रश्न : मुलीकडे नॉर्वेला गेलो असताना ऑस्लोच्या उद्यानात माणसांच्या आकृतींनी वेढलेला एक प्रचंड दगडी स्तंभ पाहिला. तो खरोखरच अखंड दगडाचा आहे का, आणि शिल्पकाराने तो एकट्याने कोरला असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पाहिलेला स्तंभ फ्रोग्नर उद्यानातील ‘मोनोलिथ’ होय. तो नॉर्वेचे शिल्पकार गुस्ताव्ह विगेलांड यांचा असून खरोखरच अखंड ग्रॅनाइटचा आहे. चौथऱ्यासह त्याची उंची सुमारे १७ मीटर, तर कोरीव भागाची सुमारे १४ मीटर असून एकमेकांना बिलगत, आधार देत वर चढणाऱ्या १२१ आकृती त्यावर आहेत. हा दगड इड्डेफ्योर्ड या नॉर्वे-स्वीडन सीमेवरील खाडीच्या परिसरातील खाणीतून समुद्रमार्गे शहरात आणला गेला आणि १९२८ मध्ये उद्यानात उभा करण्यात आला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे, आणि ते थोडे सविस्तर द्यायला हवे. विगेलांड यांनी १९२४-२५ मध्ये हा संपूर्ण स्तंभ आपल्या कार्यशाळेत प्रत्यक्ष आकारात मातीत घडवला व त्यावरून प्लास्टरचा नमुना तयार झाला. दगडाभोवती लाकडी निवारा बांधून तो नमुना शेजारीच उभा केला गेला, आणि १९२९ पासून तीन पाथरवट तो ग्रॅनाइटमध्ये उतरवू लागले. या पद्धतीत नमुन्यावरील ठरावीक बिंदूंपासून प्रत्येक उंचवट्याची आणि खळगीची खोली मोजून घेतात, तीच मापे दगडावर घेतात आणि मापाच्या किंचित अलीकडे थांबून उरलेला दगड हलक्या हाताने काढतात, कारण मातीत चूक बुजवता येते, पण एकदा उडालेली कपची परत बसवता येत नाही. या कामाला सुमारे चौदा वर्षे लागली.

म्हणून या कामाला केवळ नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. माप खोली सांगते. गालाची गोलाई कोठे संपते आणि खांद्याचा ताण कोठे सुरू होतो, हे छिन्नी धरणाऱ्या हातालाच उमगावे लागते. तरीही कल्पना, रचना आणि प्रत्येक आकृतीची ठेवण विगेलांड यांचीच आहे, त्यामुळे शिल्प त्यांच्या नावाने ओळखले जाणे योग्यच आहे. फक्त पाथरवटांचा उल्लेख त्यासोबत व्हावा, एवढेच माझे म्हणणे. ग्रॅनाइटचा स्वभावही येथे लक्षात घ्यावा. तो कठीण आणि रवाळ असल्याने बारीक, सुट्या बोटांपेक्षा भरीव, एकसंध आकार त्यात अधिक टिकतात, आणि स्तंभाभोवतीच्या पायऱ्यांवरील छत्तीस ग्रॅनाइट समूहांतही हीच भरीव घडण दिसते.

विगेलांड १९४३ मध्ये वारले. १९४४ च्या नाताळात निवाऱ्याची दारे लोकांसाठी उघडली, तेव्हा सुमारे एक लाख ऐंशी हजार माणसे स्तंभ पाहून गेली. त्यानंतर तो निवारा उतरवण्यात आला.

पुन्हा ऑस्लोला जाणे झाल्यास उद्यानालगतचे विगेलांड संग्रहालय अवश्य पाहावे. ती त्यांचीच कार्यशाळा आणि राहते घर होते, आणि दगडात उतरलेल्या शिल्पांचे प्लास्टरचे नमुने तेथे जवळून पाहता येतात.