वाचकांचे प्रश्न : वडोदऱ्याहून समुद्र किती दूर?

प्रश्न : कमाटीबागेतील संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहिल्यापासून आमच्या मुलीने जिवंत समुद्री प्राणी पाहण्याचा हट्ट धरला आहे. तिला कुठे न्यावे? शिवाय समुद्र संकटात असल्याचे शाळेत शिकवतात. त्याच्याशी आपल्यासारख्या शहरवासीयांचा खरोखर काही संबंध येतो का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या कन्येने पाहिलेला सुमारे ७२ फुटांचा सांगाडा हा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा आहे. समुद्र आपल्याला वाटतो तितका दूर नाही, एवढे त्यावरून दिसतेच. तरीही केवळ जवळचे म्हणून मुलीला खंबायतच्या आखाताकाठी नेऊ नये. तेथे भरती-ओहोटीच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो आणि पाणी सतत गढूळ असते; चिखलातही भरपूर जीव असतात, पण लहान मुलांच्या दृष्टीस ते सहसा पडत नाहीत.

त्यापेक्षा कच्छच्या आखातातील, जामनगरच्या पश्चिमेस वाडिनारजवळ असलेले नरारा गाठावे. १९८२ साली घोषित झालेल्या, देशातील पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग असून, ओहोटीला पाणी मागे हटले की प्रवाळांच्या खडकांमधून घोटाभर पाण्यातून चालत जाता येते. समुद्रपुष्पे, खेकडे, समुद्रकाकड्या, आणि नशीब असेल तर दगडाखाली दडलेला ऑक्टोपस, हे सारे बोटीवाचून पाहायला मिळते. वनखात्याची परवानगी आणि माहीतगार वाटाड्या मात्र आवश्यक आहे. दिवस ठरवताना सुट्ट्यांच्या यादीआधी पंचांग पाहावे: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्याने ओहोटीही खोलवर जाते, तर अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, खडक फारसे उघडे पडत नाहीत. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून त्या दिवसाची नेमकी वेळ आधी विचारून घ्यावी. जाड तळाचे बूट घालावेत, परंतु पाऊल वाळूवर टाकावे, प्रवाळावर नव्हे. तो दगडासारखा दिसला तरी असंख्य सूक्ष्म प्राण्यांची जिवंत वसाहत असतो. फुगणारा केंड मासा हातात घेऊन दाखवण्याची कोणी तयारी दाखवली, तर स्पष्ट नकार द्यावा, कारण जिवावर बेतल्यासारखे वाटल्यावरच तो मासा अंग फुगवतो. शंख-शिंपलेही उचलू नयेत. उद्यानातून काहीही नेण्यास कायद्याने मनाई आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विश्वामित्रीच्या पुलावरून खाली पाहिले तरी मिळेल. ही नदी पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंबायतच्या आखाताला. त्यामुळे आपल्या नाल्यात पडलेली पिशवी मगरींच्या शेजारून जात पावसाळ्यात समुद्रापर्यंत पोहोचू शकते. शहरालगतच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणीही पन्नासहून अधिक किलोमीटरच्या कालव्याने महीच्या मुखाकडे नेले जाते. ती प्रक्रिया नीट होते की नाही, हे विचारण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या कोळ्यांइतकाच आपलाही आहे, आणि माझ्या मते किनाऱ्यावर एक दिवस कचरा वेचण्यापेक्षा हा प्रश्न सातत्याने विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

लोकांना सांगून काय होणार, असेही आपल्या मनात येईल. त्यासाठी वेरावळकडे पाहावे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी यकृताच्या तेलासाठी व्हेल शार्कची शिकार होत असे आणि ते तेल होड्यांना लावले जाई. २००१ साली या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण मिळाले, पण कायदा भर समुद्रात जाळ्यापाशी उभा राहू शकत नाही. त्यानंतर रामकथाकार मोरारीबापूंनी कथेतून या माशाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, ‘व्हाली’ (गुजरातीत ‘लाडकी’) हे नाव रुजले, आणि जाळ्यात अडकलेला मासा सोडवण्यासाठी मच्छीमार स्वतःचे महागडे जाळे कापू लागले. केवळ भावनेवर हे टिकले नसते. कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखात्याकडून मिळण्याची सोयही त्याबरोबर करण्यात आली.