फ्लॅट लिहायचाच

‘मी 31 वर्षांची. न्यू जर्सीत नगरपालिकेत जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) काम करते, गेल्या वर्षी अमेरिकन नागरिक झाले. आर्मी रिझर्व्हमध्ये 35-जी, म्हणजे उपग्रह आणि ड्रोनच्या छायाचित्रांचं विश्लेषण, हे अर्धवेळ करायचं मनात आहे. पुण्याचा फ्लॅट आईच्या आणि माझ्या नावावर आहे. भरतीवाले म्हणाले, "फॉर्ममध्ये एवढं बारीकसारीक लिहू नका, फाइल अडकते." नवरा म्हणतो, महिन्याला दोनच दिवस तर जायचंय. आईला अजून सांगितलेलं नाही. काय करू?’

फ्लॅट लिहा. बाकीचं त्यानंतर.

या कामाला टॉप सीक्रेट मंजुरी (गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) लागते, आणि तिच्यासाठी एसएफ-86 हा लांबलचक फॉर्म. परदेशातली मालमत्ता त्यात थेट विचारतात, आज नसली तरी कधी होती का तेसुद्धा. आई-वडील, भावंडं, सासू-सासरे नातेवाइकांत जातात. मावशी त्या यादीत नाही. पण तिच्याशी दर रविवारी व्हिडिओ कॉल होत असेल तर ती ‘परदेशी संपर्का’त येते. शिवाय गेल्या 7 वर्षांतल्या भारतवाऱ्या, जुना भारतीय पासपोर्ट, एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं). पासपोर्ट अजून सरेंडर केला नसेल तर ते आधी उरका. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही 10,000 डॉलरवर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खाती अमेरिकी सरकारला कळवायचा फॉर्म, भरलाय का तेही बघा; आपल्याकडची बरीच मंडळी नेमकी इथे सापडतात.

पुण्यात आई आणि फ्लॅट असणं हा काही गुन्हा नाही. तिकडून कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, एवढंच तपासणाऱ्यांना बघायचं असतं. लपवलेला फ्लॅट मात्र आयताच दबावाला कामी येतो. आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. फॉर्मवर सही तुमची असते, भरतीवाल्यांची नाही.

आता नवऱ्याचं गणित. दोन दिवस खरे, पण ते नंतरचे. आधी 10 आठवडे प्राथमिक प्रशिक्षण, मग ॲरिझोनात फोर्ट वाचूका इथे साधारण 22 आठवडे. म्हणजे घरापासून जवळपास साडेसात महिने लांब. पुढे महिन्याला एक शनिवार-रविवार, वर्षाला दोनेक आठवडे, आणि बोलावणं आलं तर वर्षभरसुद्धा. एकूण बांधिलकी 8 वर्षांची; त्यातली किती युनिटमध्ये आणि किती नुसती यादीवर, हे करारात वाचा. सैन्यसेवेला गेलेल्यांची नोकरी राखणाऱ्या 1994 च्या यूसेरा कायद्याचं संरक्षण तुम्हाला आहे, तरी नगरपालिकेला तारखा आधी आणि लेखी कळवा.

जीआयएसचा फायदा होईल, पण एक सवय मोडावी लागेल. तुमचा हात नकाशाची उत्तर वर ठेवतो. विश्लेषक मात्र चित्र असं फिरवतो की सावल्या आपल्याकडे पडाव्यात. उलट्या पडल्या की डोळा फसतो आणि खड्डा टेकाडासारखा दिसतो. सावलीवरून उंचीही निघते: सूर्य क्षितिजावर 30 अंशांवर असेल आणि सपाट जमिनीवर सावली 10 मीटर, तर वस्तू सुमारे 5.8 मीटर उंच. जमीन उतरती असली की हे गणित चुकतं. नवखे हमखास घसरतात ते आणखी एका जागी: ‘शक्य’, ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’ हे तीन शब्द तिथे किती खात्री आहे त्यानुसार नेमून दिलेले असतात, हवा तो वापरता येत नाही.

अर्धवेळवाल्यांची खरी अडचण डोळा बोथट होण्याची. शनिवार जातो पासवर्ड, ऑनलाइन कोर्स आणि फिटनेस टेस्टमध्ये, चित्रांना उरतात थोडे तास. म्हणून भरतीच्या बोनसच्या आधी युनिटला विचारा: ड्रिलला (महिन्याच्या त्या शनिवार-रविवारी) खरी चित्रं मिळतात का, की फक्त सरावाची? गोपनीय चित्रं बघायचं सुरक्षित दालन किती लांब आहे? आत फोन, स्मार्टवॉच काही नेता येत नाही, त्यामुळे मुलं असतील तर त्यांच्या शाळेला किंवा पाळणाघराला दुसरा नंबर देऊन ठेवा. घरी सराव करायचा तर सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट आहेत, त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. त्यात गाड्या ओळखू येणार नाहीत, पण नेवार्क बंदरात कोणती जागा रिकामी झाली आणि कोणती भरली, हे काही महिने प्रत्येक नव्या चित्रावरून टिपलंत तरी नजर बसेल.

रविवारी रात्री नवरा विचारेल, ‘काय केलंस आज?’ उत्तर देता येणार नाही. ही सवय त्यालाही लागायला हवी, ती सहीच्या आधी बोलून घ्या.

आणि आईचं म्हणाल तर फॉर्ममध्ये तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता सगळं लागतं. त्यामुळे फोन करावा लागणारच आहे.